एकाच रूपाचे अनेक डास

(रुग्णालयाच्या स्थापनादिनी देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त कीटकशास्त्रज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



स्थापनादिनाच्या व्याख्यानासाठी रुग्णालये सहसा एखाद्या नामवंत शल्यविशारदास अथवा संतवाङ्मयाच्या अभ्यासकास पाचारण करतात. डास पकडण्यात उभे आयुष्य घालविलेल्या माणसाला व्यासपीठावर बसविण्याचे धाडस आपण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय आपल्या आवडीचा घ्यावा, असे अध्यक्षांनी पत्रात लिहिले होते. घेतलेला विषय माझ्या आवडीचा खराच. परंतु तो येथेच मांडावा असे वाटण्यामागे एक जुने देणे आहे. ते आधी सांगतो.

१९९१ सालच्या श्रावणात याच रुग्णालयाच्या तेव्हाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतले होते. हिवतापाच्या रुग्णांची रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. मी तेव्हा तरुण होतो आणि तरुण माणसाला असतो तितका आत्मविश्वास माझ्यापाशी होता. पहाटे चार वाजता उठून, हातात विजेरी आणि तोंडात डास ओढून घेण्याची काचेची नळी धरून, मी नदीपलीकडच्या वाडीतील गोठे पालथे घातले. तीन पहाटांत नळ्या भरून गेल्या. भिंगाखाली पाहिले तो बहुतेक सारे डास ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस या नावाचे. ग्रामीण भारतातील हिवतापाच्या प्रसारात या डासाचा वाटा सर्वांत मोठा, साठ टक्क्यांच्या वर, असे आमच्या पुस्तकांत तेव्हाही लिहिलेले होते आणि आजही लिहिलेले असते. मी त्याच दिवशी अहवाल लिहिला. वाडीतील घरांवर व गोठ्यांवर कीटकनाशकाची फवारणी करावी, असे त्यात सुचविले आणि ती झाली. दिवस गौरीगणपतीच्या तयारीचे होते. औषधाच्या वासाने आणि भिंतींवर उठलेल्या पांढऱ्या डागांनी वाडीतील बायाबापड्या वैतागल्या. कित्येकींनी आठवड्याभरात भिंती पुन्हा सारवून काढल्या. मी त्यांच्यावर रागावलो होतो, हेही नमूद केले पाहिजे.

ताप मात्र हटेना. सहा आठवड्यांनी येथील प्रयोगशाळेत रक्तनमुने तपासणाऱ्या बाईंनी, मला वाईट वाटू नये अशा बेताने, आपली नोंदवही माझ्यापुढे ठेवली. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे राहण्याचे ठिकाण लिहून ठेवले होते. वाडीतील रुग्ण अगदी थोडे होते. बहुतेक सारे नदीच्या अलीकडचे, एसटी स्थानकामागे नव्या इमारती उठत होत्या तेथील बिगारी आणि त्यांच्या शेजारपाजारचे. त्या दिवशी मी प्रथमच गावातल्या गच्च्यांवर चढलो. बांधकामावरचे सिमेंटचे हौद, गळके पिंप, उघड्या टाक्या. अळ्या सापडल्या त्या ॲनॉफिलिस स्टीफेन्सीच्या, म्हणजे शहरी हिवतापाच्या डासाच्या. या रुग्णालयाच्या गच्चीवरील टाकीचे झाकणही फुटलेले होते आणि त्या टाकीतही त्या होत्या.

त्या सहा आठवड्यांत एका बिगाऱ्याची सहा वर्षांची मुलगी येथे दाखल झाली आणि तिसऱ्या दिवशी मेंदूच्या हिवतापाने गेली. माझा अहवाल बरोबर असता तर ती वाचली असती, असे मी म्हणू शकत नाही. पण ते मनुष्यबळ आणि ते औषध नदीच्या चुकीच्या काठावर खर्च झाले, एवढे निश्चित म्हणू शकतो.

पुढे हिवाळ्यात, गोठ्यातल्या माद्यांची मद्यार्क व आम्लाच्या मिश्रणात जपून ठेवलेली बीजांडे काढून मी त्यांतील गुणसूत्रे तपासली. आधी करावयाचे ते काम नंतर केले. जवळजवळ सगळ्या माद्या ‘बी’ प्रजातीच्या निघाल्या, ‘सी’च्या अगदी थोड्या. ‘बी’ म्हणजे काय आणि ते कळण्याने काय बदलले असते, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

डास आणि हिवताप यांचा संबंध सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी सिद्ध केला, हे आपणांस ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफिलिस वंशाचा डास पसरवितो हे दाखवून दिले. कोडे सुटले असे वाटले. परंतु ग्रासींच्याच देशात काही प्रदेश असे होते, की तेथे ॲनॉफिलिस मुबलक, हिवतापाचे जुने रुग्णही अधूनमधून येत, आणि तरी हिवताप पसरत नसे. शेजारच्या प्रांतात तेच डास, तीच दलदल, आणि माणसे मात्र पिढ्यान् पिढ्या तापाने खंगत. डासांविना हिवताप नाही हे खरे, मग हिवतापाविना डास कसे? यावर तर्क अनेक झाले. कोणी म्हणे तेथील लोक सुखवस्तू आहेत, कोणी म्हणे गुरे जास्त आहेत, कोणी हवेला कारण धरी.

उत्तर मिळाले ते डासाच्या अंड्यांत. दोमेनिको फालेरोनी नावाचे आरोग्य खात्यातील एक निरीक्षक डासांच्या माद्या पाळून त्यांची अंडी पाहत असत. ॲनॉफिलिसची अंडी पाण्यावर एकेकटी तरंगतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावर करड्या-काळ्या पट्ट्यांची वा ठिपक्यांची नक्षी असते. एक मादी नेहमी एकाच नक्षीची अंडी घालते आणि तिच्या लेकीही तीच नक्षी पुढे चालवितात, हे त्यांच्या ध्यानी आले. १९२६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हॅकेट, मिसिरोली आदी संशोधकांनी १९३०च्या दशकात या नक्षींचा माग युरोपभर काढला, तेव्हा चित्र उलगडले. ज्याला सारे जण ॲनॉफिलिस मॅक्युलिपेनिस या एका नावाने ओळखत होते, तो एक डास नव्हताच. प्रौढ डास हुबेहूब सारखे, पण अंडी निराळी, आणि सवयीही निराळ्या. काहींना माणसाचे रक्त चालते, काहींना गोठाच प्रिय. लाब्रांकिए जेथे, तेथे ताप. मेस्सेए जेथे, तेथे डासांचा त्रास पुष्कळ, पण ताप क्वचित. मला या कथेत सर्वांत जास्त आवडते ती ही गोष्ट, की हे कोडे विद्यापीठातील कोणा आचार्याने नव्हे, तर रोज दलदलीत जाणाऱ्या एका निरीक्षकाने सोडविले.

अशा डासांना आम्ही भावंड-प्रजाती म्हणतो. भावंडे म्हटल्याने एकाच घरातली असा समज होतो. प्रत्यक्षात ही वेगळी बिऱ्हाडे थाटलेली भावंडे आहेत. चेहरे एक, संसार वेगळे.

आता आपल्या क्युलिसिफेसीसकडे येऊ. त्याच्या अंड्यांवर अशी सोयीची नक्षी नाही, म्हणून येथे गुणसूत्रे वाचावी लागली. मादीच्या बीजांडातील पोषक पेशींत, अंडी अर्धी भरलेली असतात त्या सुमारास, गुणसूत्रे फुगून जाड होतात आणि त्यांवर आडव्या पट्ट्या दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दृश्य पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीसारखे असते. कधीकाळी एखाद्या पूर्वज डासात त्या नाडीचा मधला तुकडा तुटतो, उलटा फिरतो आणि तसाच जोडला जातो. जनुके तीच राहतात, पण त्यांचा क्रम त्या तुकड्यापुरता उलटा होतो. पोथी बांधताना मधली काही पाने उलटी शिवली गेली, आणि पुढच्या साऱ्या प्रती त्या पोथीवरून उतरल्या, असे समजा.

१९८० साली ग्रीन आणि माइल्स यांनी क्युलिसिफेसीसच्या नाड्यांत असे दोन पाठ दाखविले. महत्त्व दोन पाठ असण्याला नाही. एकाच प्रजातीतही असे वैविध्य असते. महत्त्व आहे ते मिश्र संतती न सापडण्याला. एकाच गोठ्यात, एकाच पहाटे दोन्ही प्रकारच्या माद्या भिंतीवर शेजारी शेजारी विसावलेल्या असतात. त्यांचे आपसांत संकर होत असते तर एक नाडी सरळ आणि एक उलटी असलेल्या लेकी भरपूर सापडल्या असत्या. त्या जवळपास सापडतच नाहीत. म्हणजे निसर्गात त्यांचे लग्नसंबंध होत नाहीत. त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे दिली गेली. पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सी’ आणि ‘डी’ शोधून काढल्या. ‘ई’ ही पाचवी प्रजाती १९९९ साली जाहीर झाली.

आता ‘बी’ची ओळख. ही बव्हंशी गुरांचे रक्त पिते, आणि प्रयोगशाळेत हिवतापाच्या जंतूंनी भरलेले रक्त पाजले तरी तिच्या पोटात ते जंतू फारसे वाढत नाहीत. पूर्व उत्तर प्रदेश आणि उत्तर बिहार या भागांत क्युलिसिफेसीस म्हणजे केवळ ‘बी’, आणि तेथे हिवताप पूर्वापार कमी. ‘ए’ जेथे आहे तेथे मात्र तो टिकून राहतो. शिवाय कीटकनाशकांनाही दोघी एकसारख्या वश होत नाहीत. हरियाणात एकाच भागातील ‘ए’ आणि ‘बी’ यांच्यावर डीडीटीचा परिणाम तपासला, तेव्हा ‘बी’मध्ये प्रतिकारशक्ती अधिक वेगाने बळावल्याचे आढळले. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. फवारणीनंतर गोठ्यात डास उरले म्हणून औषध निकामी झाले असे कोणी लिहील. पण उरलेल्या कदाचित निरुपद्रवी ‘बी’ असतील, आणि औषधाने आपले काम चोख केलेले असेल. एकच नाव वापरले की यशही दिसत नाही आणि अपयशही दिसत नाही.

‘ई’ची हकिकत त्याहून बोलकी आहे. रामेश्वरम बेटावर ‘बी’ असूनही हिवताप होता, आणि पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे श्रीलंकेतही तीच अडचण. श्रीलंकेत १९३४-३५ साली क्युलिसिफेसीसने पसरविलेल्या साथीत सुमारे ८०,००० माणसे दगावली होती. मग ‘बी’ निरुपद्रवी कशी म्हणावी? शेवटी नरांची गुणसूत्रे पाहिली गेली. लिंग ठरविणाऱ्या वाय गुणसूत्राचा आकार काही नरांत निराळा होता, आणि त्या नरांच्या घराण्यातील माद्या माणसाला चावणाऱ्या व जंतूंना आश्रय देणाऱ्या होत्या. माद्यांच्या नाड्या ‘बी’शी जुळत होत्या, म्हणून वीस वर्षे त्या ‘बी’च्या नावाखाली खपून गेल्या.

महाराष्ट्रात आणि गुजरातेत मुख्यतः ‘बी’ आणि ‘सी’ आढळतात. सह्याद्रीच्या ओढ्यांतील फ्लुव्हिएटिलिस या डासाची कथाही अशीच आहे. ओडिशाच्या डोंगरपायथ्याची ‘एस’ प्रजाती माणसाच्या रक्तावर जगणारी आणि अतिशय कार्यक्षम वाहक. ‘टी’ आणि ‘यू’ गुरांवर जगणाऱ्या. पुस्तकातील चित्र तिघींना एकच.

आपण विचाराल, निसर्गाने असे का करावे? वेगळे करायचे तर चेहरेही वेगळे का करू नयेत? याचे उत्तर असे की आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या रूपाला डासांच्या व्यवहारात फार किंमत नाही. त्यांची लग्ने तिन्हीसांजेला, उडत्या थव्यात लागतात, आणि तेथे पंखांचा सूर महत्त्वाचा, थवा कोणत्या जागेवर जमतो ते महत्त्वाचे. पश्चिम आफ्रिकेत गांबिए आणि कोलुझ्झी या दोन भावंड-प्रजाती आहेत. त्यांतली एक मोकळ्या जमिनीवर थवा करते, तर दुसरी जमिनीवरील उठून दिसणाऱ्या खुणेवर, एखाद्या गवताच्या पेंढीवर वा विहिरीच्या काठावर. एकीची पिल्ले पावसाच्या डबक्यांत वाढतात, दुसरीची भाताच्या खाचरांसारख्या टिकाऊ पाण्यात. पाणी, भक्ष्य आणि भेटीची जागा बदलली की घराणी वेगळी होऊ लागतात. रूप बदलण्याचे कारणच उरत नाही, आणि वेळही झालेला नसतो, कारण उत्क्रांतीच्या हिशेबात ही फारकत कालपरवाची असते. उलट्या तुकड्यांचा येथे उपयोग होतो. उलटा आणि सरळ तुकडा एकत्र आले की त्या भागातील जनुकांची सरमिसळ जवळजवळ थांबते. त्यामुळे कोरड्या हवेत तगण्याला उपयोगी पडणारी जनुके, उदाहरणार्थ, एकत्र बांधलेली राहतात.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेतील क्युलेक्स डासाचे उदाहरण मी वर्षानुवर्षे व्याख्यानांत देत आलो. १८६३ साली भुयारे सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धात तेथे आसरा घेतलेल्या माणसांना हे डास फोडून खात, आणि बघा, शंभर-दीडशे वर्षांत भुयारात नवी जात घडली, असे मी मोठ्या रंगतीने सांगे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते खोटे ठरविले. हा डास भुयारात जन्मलेला नाही. हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी, बहुधा भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील शेतीप्रधान वस्त्यांत, उघड्या आकाशाखाली तो माणसाच्या सहवासाला सरावला. भुयारे त्याला आयती मिळाली. ज्यांनी माझी जुनी व्याख्याने ऐकली असतील त्यांनी ती दुरुस्ती करून घ्यावी.

आतापर्यंत मी घराणी वेगळी असल्याचे सांगितले. पण त्यांच्यातील भिंती भक्कम आहेत का? लंडनच्या रॉस संस्थेतील डेव्हिडसन यांनी १९६०च्या सुमारास आफ्रिकेतील गांबिए गटाचे संकर पिंजऱ्यात घडविले. लेक निपजले ते वांझ. यावरून एका नावाखाली अनेक प्रजाती आहेत हे सिद्ध झाले. परंतु लेकी मात्र प्रजननक्षम होत्या. संकरात असे का घडते, याचा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ सालीच मांडला होता. तेच हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरात वारले. तर, लेकी प्रजननक्षम याचा अर्थ भिंतीला फट आहे. संकर विरळा, पण डासांची संख्या अफाट आणि वर्षात पिढ्या अनेक. विरळा म्हणजे कधीच नाही असे होत नाही.

त्या फटीतून काय जाते हे संपूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर कळले. गांबिएचा जनुकसंच २००२ साली प्रथम वाचला गेला. तो सुमारे २८ कोटी अक्षरांचा आहे. २०१७ साली आठ आफ्रिकी देशांतील ७६५ डासांचे जनुकसंच एकत्र मांडले गेले, तेव्हा सव्वापाच कोटींच्या आसपास जागी अक्षरभेद सापडले. नीट वाचता आलेल्या भागात सरासरी दर दोन-सव्वादोन अक्षरांमागे एक भेद. आपणां सर्व मानवांमध्ये एवढे वैविध्य नाही, त्याच्या जवळपासही नाही. असा साठा ज्याच्यापाशी आहे, त्याच्यावर कोणतेही नवे औषध सोडा, त्याला पुरून उरणारा एखादा डास कुठेतरी आधीच जन्मलेला असतो, किंवा लवकरच जन्मणार असतो.

आणि एका प्रजातीत तो जन्मला की ते ज्ञान शेजारणीकडे जाऊ शकते. मालीमध्ये औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचा वापर वाढला त्या काळात, २००६च्या सुमारास, गांबिएमधील कीटकनाशकाला दाद न देणारा जनुक कोलुझ्झीमध्ये शिरला आणि झपाट्याने पसरला. कोलुझ्झीला तो नव्याने शोधावा लागला नाही; उसना मिळाला. २०१५ साली गांबिए गटातील सहा प्रजातींचे जनुकसंच ताडून पाहिले गेले, तेव्हा लिंगनिश्चिती करणाऱ्या एक्स गुणसूत्रावर खरी वंशावळ शिल्लक दिसली, आणि उरलेल्या भागात देवाणघेवाणीने ती एवढी पुसलेली, की दूरची बहीण सख्खी वाटावी. प्रजाती म्हणजे कुलूपबंद खोल्या, असे आम्ही शिकलो होतो. त्या खोल्यांच्या दारांखालून पाणी वाहते.

मच्छरदाण्या म्हणून व्यर्थ ठरतात, असा अर्थ कृपया काढू नये. त्यांनी लक्षावधी प्राण वाचविले आहेत. पण एकच औषध सर्वत्र वापरीत राहिल्यास निवड डासच करतो.

स्टीफेन्सीकडे परततो, कारण आपल्या गच्चीचा प्रश्न त्याचाच आहे. हा डास लिस्टन यांनी १९०१ साली वर्णिला. मुंबईतील हिवतापाची चौकशी करून बेंटली यांनी १९११ साली अहवाल दिला, आणि तापाचे मूळ शहरातील विहिरींत वाढणाऱ्या याच डासात असल्याचे दाखविले. त्यानंतर मुंबईच्या विहिरी बुजविण्याचे वा झाकण्याचे काम सुरू झाले आणि धर्मभावनेचा प्रश्नही उभा राहिला. १९८०च्या दशकात पणजीत बांधकामे वाढली आणि हाच डास तेथे हिवताप घेऊन बसला. यालाही रूपे आहेत: अंड्याच्या तरंगफुग्यावरील वळ्या मोजल्या तर शहरी वाहक आणि गुरांना चावणारा ग्रामीण मायसोरेन्सिस असे प्रकार वेगळे करता येतात. हे १९३७ पासून ठाऊक आहे. आधुनिक जनुकीय अभ्यासातही ही रूपे अद्याप पुरती प्रजाती म्हणून वेगळी झालेली नाहीत. घर फुटण्याच्या बेतात असलेले कुटुंब म्हणा.

हा आपला डास २०१२ साली आफ्रिकेच्या शिंगावरील जिबूती या बंदरात सापडला. त्या वर्षी त्या छोट्या देशात हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते; २०२० साली ७३,५३५. या वाढीला इतरही कारणे असतील, पण मोठे कारण हा पाहुणा आहे. २०१६ साली तो इथिओपियात आणि सुदानात आढळला. आफ्रिकेचा हिवताप हा खेड्यांचा आणि पावसाळ्याचा आजार. टाकीत वाढणारा डास त्याला शहरात आणि उन्हाळ्यात घेऊन आला. आफ्रिकेतील डास ओळखण्याच्या जुन्या ग्रंथांत हा डास नव्हताच, त्यामुळे तो हाती लागला तरी स्थानिक डासांपैकी एखादा समजला जाण्याचा धोका होता. १९९१ साली मी नदीपलीकडे जी चूक केली, तीच एका खंडाच्या आकारात घडू शकली असती.

आता आपल्या रुग्णालयाविषयी, विश्वस्तांची क्षमा मागून, थोडे स्पष्ट बोलतो. देणगीदारांना धूर सोडणारे यंत्र भेट द्यावयास आवडते. धूर दिसतो, छायाचित्र चांगले येते. त्या धुराने त्या घटकेला उडणारे डास मरतात. टाकीतील अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. देशाने २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत त्याचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. रुग्ण कमी होतात तसा प्रत्येक रुग्णाचा माग काढणे शक्य होते आणि आवश्यकही. अशा वेळी उपयोगी पडते ते त्या बाईंच्या नोंदवहीसारखे साधन. ताप येण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत रुग्ण कोठे झोपला, एवढा एक रकाना केसपेपरवर असावा. घरातील माणसांना मी विनवीन, की हा प्रश्न विचारला गेला तर तो लाजिरवाणा मानू नका. बांधकामावर, शेतातल्या खोपटात, रात्रपाळीला, जेथे झोपला असाल ते सांगा.

दुसरे, रुग्णाच्या घरी पकडलेले डास फेकून न देता लहान कुप्यांत कोरडे ठेवावेत, वर तारीख व जागा लिहावी. प्रजाती ठरविण्यास आता बीजांडे लागत नाहीत, अर्धभरल्या माद्यांची वाट पाहावी लागत नाही. डासाचा एक पाय पुरतो. तपासणी येथे होणार नाही, ती संशोधन संस्थेत होईल. आपल्याकडे हवे ते एक कपाट, ओलावा शोषणारे खडे, आणि आठवड्यातून एक सकाळ देणारा माणूस. एका धूरयंत्राच्या किमतीत हे अनेक वर्षे चालेल. विश्वस्त मंडळापुढे हा प्रस्ताव मी लेखी दिला आहे, आणि त्यावर काय निर्णय झाला ते पुढील वार्षिक अहवालात छापावे, अशी विनंती आहे. नामंजूर झाला तरी छापावे.

चहापान झाल्यावर कृपया तळमजल्यावरील प्रयोगशाळेत डोकावून जावे. मेजावर दोन कुप्या ठेवल्या आहेत, प्रत्येकीत क्युलिसिफेसीसची एक मादी, एक ‘ए’ आणि एक ‘बी’. कोणती कोणती, हे मलाही डोळ्यांनी सांगता येणार नाही. कुप्यांखाली त्यांच्या गुणसूत्रांचे छायाचित्र उपडे ठेवले आहे, ते उलटून पाहावे. शेजारी तिसरी कुपी आहे. तिच्यातील डास पायांवरील ठिपक्यांमुळे भिंगाखाली लगेच ओळखू येतो. तो गेल्या गुरुवारी या इमारतीच्या गच्चीवरील टाकीत सापडलेल्या अळीपासून वाढविला आहे. टाकीला नवे झाकण काल बसले.